अठ्ठेचाळीस मिनिटांची पोच

आमच्या घरात एक कायदा आहे. कुणी हाक मारली, काही सांगितलं, काही विचारलं, की ज्याला ऐकू गेलं त्याने आधी मोठ्याने "पोच!" म्हणायचं. काम मग दहा मिनिटांनी करा, उद्या करा, करूच नका, तो पुढचा वाद. पण पोच आधी.

हा कायदा आईने ऑफिसातून आणला. आई पाणीखात्याच्या तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोक तिच्यावर खेकसतात. पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण शेजारच्यांना जास्त येतं. आणि ती प्रत्येकाला एक नंबर देते आणि म्हणते, "ही आपल्या तक्रारीची पोच." तिचं म्हणणं, माणूस पाण्यावाचून दोन दिवस काढेल, पण आपलं कुणी ऐकलं की नाही हे कळल्यावाचून दोन तास काढणार नाही. ते सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात, म्हणून आम्ही तिला तिथे फोन करायचा नाही. एकदा मी केला होता, मोजे सापडत नव्हते म्हणून. आई मला चक्क "आपण" म्हणाली. "आपण कपाटाचा खालचा कप्पा तपासून पाहावा." सापडले तिथेच.

बाहेरचं माणूस आमच्याकडे आलं की दचकतं. स्वयंपाकघरातून "ताटं घ्या!" आणि आतून "पोच! पोच! पोच!" बेडकांचं संमेलन भरल्यासारखं. मावशी म्हणते, "या घरात पोच सगळे देतात, पण पोच एकालाही नाही."

तीन वर्षांपासून तीन पोचांच्या दोन झाल्यात. तिसरी ताईची होती.

ताई माझ्यापेक्षा बरोबर बारा वर्षांनी मोठी. बारा वर्षं म्हणजे एक तप, आणि गुरू ग्रहाची सूर्याभोवतीची एक फेरीही बाराच वर्षांची. (दीडेक महिना कमी. ताई तेही सोडत नाही.) ती म्हणायची, "मी जन्मले तेव्हा गुरू जिथे होता तिथे तो एक चक्कर मारून परत आला आणि तू टपकलीस. तू माझी दुसरी आवृत्ती. छपाईच्या चुका तशाच ठेवून."

मी तिची शेपटी होते. नुसती म्हणायला नाही, घरात नावच पडलं शेपटी. ती वाचनालयात गेली की मी मागे, गच्चीवर गेली की मागे, न्हाणीघरात गेली की दाराशी बसून. तेव्हा मी मुलखाची मुखदुर्बळ. कुणी माझं नाव विचारलं तरी ताईच सांगायची. मी बारा वर्षांची असताना ती गेली, विमानाने जायलासुद्धा दोन दिवस लागतात इतक्या लांब, आणि मला पहिल्यांदा स्वतःचं नाव स्वतः सांगावं लागलं. सहा महिने अवघड गेले. मग जे तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. विज्ञानाच्या बाई म्हणतात, "हिला बोलकं कुणी केलं त्याला माझ्यासमोर उभं करा."

ताईचं काम म्हणजे गुरूभोवती फिरणाऱ्या एका यानाला आज्ञा पाठवणं. वळ, थांब, फोटो काढ, झोप. यानाला तीन लांबलचक पंख आहेत, वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखे, म्हणून आम्ही त्याला म्हातारीच म्हणतो. म्हातारीने चार मोठ्या चंद्रांचे जे फोटो काढलेत ते माझ्या पलंगाच्या डोक्याशी आहेत. आयो सगळा पिवळा, फोडांनी भरलेला, सदा ज्वालामुखी ओकणारा. गॅनिमीड सगळ्यांत मोठा. कॅलिस्टो खड्डेच खड्डे. आणि युरोपा, बर्फाचा, भेगाळलेल्या टाचेसारखा. त्या बर्फाखाली समुद्र आहे, बहुतेक.

हे चार चंद्र मी पहिल्यांदा ताईच्याच दुर्बिणीतून पाहिले. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी टाकून दिलेली दोन भिंगं आणि समोरच्या शिंपीकाकांकडची, कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी, एवढ्यात दुर्बीण. एका भिंगावर ओरखडा होता, त्यामुळे मला पाच चंद्र दिसायचे. पाचवा माझा, असं मी जाहीर केलं होतं. दोन वर्षांनी पुस्तकात वाचलं की असा चंद्रच नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा म्हणाले, "अगं, तिला आधीच का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली, "तिचा होता ना पण."

आता वेळेचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरच झालं.

गुरू इतका लांब आहे की तिथून निघालेला संदेश सध्या आपल्यापर्यंत यायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. म्हणून ताईच्या जगात दोन वेळा असतात. घडण्याची वेळ आणि कळण्याची वेळ. ती गेल्यापासून मी फोनवर चुकून "म्हातारीने आत्ता फोटो काढला" म्हटलं की ती चिडायची. "आत्ता नाही काढला! अठ्ठेचाळीस मिनिटांपूर्वी काढला. आत्ता कळला. घडणं आणि कळणं यांची खिचडी करू नकोस, शेपटे." मग ते घरातही शिरलं. बाबा म्हणणार, "दूध उतू गेलंय," आणि आई विचारणार, "घडलं कधी आणि कळलं कधी?"

गेल्या महिन्यात ठरलं की म्हातारीला बुडवायचं. इंधन संपत आलं होतं. भरकटून ती युरोपावर आदळली आणि इथले जंतू तिथल्या समुद्रात गेले तर पंचाईत, म्हणून तिला गुरूतच सोडायचं. गुरूला जमीन नाही, सगळा वायू. तिथे उतरता येत नाही, फक्त बुडता येतं.

तेव्हाच ताई बोलता बोलता म्हणाली होती की आणखी एक यान होणार आहे, युरोपाच्या समुद्रासाठी, तिला त्यात घ्यायचं म्हणतायत, बघू. त्या "बघू"वर माझा विश्वास नव्हता. मी बाबांच्या फोनवरून तिला लिहिलं: "म्हातारी बुडाली की तुझं काम संपलं. मग तू घरी येणार ना?"

पोच आली नाही.

एक दिवस, दोन दिवस. असं कधीच झालं नव्हतं. तापाने फणफणलेली असतानाही तिने पोच दिली होती. बाबा म्हणाले, "कामात असेल," आणि रोज दुकान उघडल्याबरोबर फोन कानाला लावून तो चालू आहे का ते बघायला लागले. आईने सातव्या दिवशी विचारलं, "नंबर तरी दिला का गं तिने?" मी हसले. ती हसत नव्हती.

गुरुवारी निरोप आला. "शनिवारी म्हातारी बुडेल सव्वाअकराला, तुमच्या घड्याळाने. बुडाल्याचं कळलं की तिथूनच दुकानात फोन करते. तू हवीस, शेपटे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय."

दुकानात, कारण मला मोबाईल सोळाव्या वर्षी मिळणार आहे आणि शाळेत तो नेताच येत नाही.

शाळेत शनिवारी बाईंनी म्हातारीचा शेवट सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं होतं, आणि आधी पंधरा मिनिटं बोलणार कोण? मी! फळ्याशेजारी कागद लागला होता: थेट प्रक्षेपण, सव्वाअकरा. मी तो वाचला आणि माझ्या डोक्यात ताई बोलायला लागली.

"बाई, ही वेळ चुकलीय."

"कशी काय? त्यांच्या पत्रकातच आहे."

"बुडेल सव्वाअकराला. ती घडण्याची वेळ झाली. आपल्याला दिसणार अठ्ठेचाळीस मिनिटांनी. बारा वाजून तीन." मी खडू घेऊन गुरू काढला, पृथ्वी काढली, मध्ये बाण काढला, बाणावर ४८ लिहिलं. "सव्वाअकराला दोनशे मुलं बसवून आपण अठ्ठेचाळीस मिनिटं काय दाखवणार? पंखा?"

"नक्की ना?"

"बाई, माझी सख्खी बहीण तिथे बसते. ती कधीच खिचडी करत नाही."

बाईंना खिचडीचा संबंध कळला नाही, पण त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या, आणि कागदावर सव्वाअकरा खोडून १२.०३ झालं. त्या कागदाखालून जाताना मी दोन दिवस मान ताठ करून चालत होते. मला हिशोबही बसवता आला होता. बारा तीनला यान जाणार, तिकडे मिठ्याबिठ्या मारण्यात पाच मिनिटं, शाळेपासून दुकान चार मिनिटं. फोन वाजायच्या आत मी हजर. बाईंकडून पळायची परवानगीही काढून ठेवली.

शनिवारी सव्वाअकराला मी सभागृहात खुर्च्या लावत होते. मुद्दाम घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, जा म्हातारे, सांभाळून बुड. असं वाटलं की हे फक्त मला माहीत आहे. सगळ्या शहरात, बसमध्ये, बँकेत, कुणालाच माहीत नाही की ती आत्ता गेली. आणि ताईचं उत्तरही असंच कुठेतरी निघालेलं असेल, फक्त पोचायचं बाकी.

अकरा चाळीसला दोनशे दहा मुलं बसली. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत. बाईंनी पडदा सुरू केला.

पडद्यावर लोक रडत होते.

म्हणजे रडतही होते आणि हसतही होते, एकमेकांच्या पाठी थोपटत होते, आणि खाली पट्टी धावत होती: संपर्क संपला, ११.१५. ते सगळं पुन्हा पुन्हा दाखवत होते. आलेखावरची हिरवी रेघ, थरथरणारी, मग सपाट. मग सगळे उभे. आणि त्या उभ्या लोकांच्या मागे, खांबाजवळ, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट घातलेली एक मुलगी. केस कसेतरी बांधलेले. डाव्या पायावर भार. मी ती पाठ कुठेही ओळखेन. बारा वर्षं तिच्याच मागे चालले आहे.

ती दुकानात फोन करत होती. वीस मिनिटांपूर्वी. आणि मी खुर्च्या लावत होते.

पत्रकातली वेळ कळण्याचीच होती. ताईचीही. मी कळलेल्यावर परत अठ्ठेचाळीस मिनिटं चढवली होती, साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घालावी तशी.

"हे काय?" मुख्याध्यापक मागे वळून म्हणाले. बाई माझ्याकडे बघत होत्या. तीन वर्षांपूर्वीची मी असते तर पडद्यामागे जाऊन बसले असते. मी माईक घेतला.

"नमस्कार. यान बुडून एक तास तेरा मिनिटं झाली, आणि ते कळून पंचवीस मिनिटं झाली. वेळ मी बदलायला लावली. चूक माझी आहे, बाईंची नाही."

"मग आम्ही काय बघायला आलोय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मला!" मी म्हणाले, आणि सभागृह फुटलं. हसले, शिट्ट्या वाजल्या. मग मी बोलले, सात-आठ मिनिटंच. आयोचे फोड, युरोपाची टाच. पण सारखी नजर पडद्याकडे जात होती, आणि पडद्यावर दर दोन मिनिटांनी ती पाठ येत होती, फोन कानाला, आणि पलीकडे मी नाही.

बाई जवळ आल्या. माईक माझ्या हातातून काढून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "पुढचं मी सांगते. तू पळ."

दुकानात पोचले तेव्हा बारा वाजायला सहा मिनिटं होती. शिंपीकाका खुर्चीत, नाकावर तपासणीची लोखंडी चौकट, एका डोळ्यात भिंग, दुसरा झाकलेला. हल्ली त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. बाबा हातात दुसरं भिंग घेऊन नुसते उभे.

"आला होता," बाबा म्हणाले. "अकरा वीसला."

"काय म्हणाली?"

"विचारलं, शेपटी आहे का. म्हटलं, नाही आली अजून. तर एकदम हसली, आणि म्हणाली, पुन्हा करते."

"कधी?"

"ते नाही सांगितलं."

"बाबा! विचारायचं नाही का?"

"विचारलं. तोवर ठेवला होता."

मी बाकावर बसले. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठं, खाली बारीक होत गेलेलं. फोन काउंटरवर, काळा, जुना. आठ मिनिटं मी त्या फोनकडे पाहिलं. शिंपीकाका म्हणाले, "पोरी, बघून वाजत नसतो तो. मीही कितीदा सुईकडे बघतो." मग तेही एका डोळ्याने फोनकडेच बघत बसले.

बारा वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला. दोन नाही, चार नाही. तीन.

"शेपटे?"

"ताई."

"अठ्ठेचाळीस?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हणाले.

"तरी म्हटलं! बाबा 'नाही आली' म्हणाले आणि मला इथे बसून तुझं डोकं दिसलं. फक्त स्वतःपुरती चढवलीस ना?"

"अख्ख्या शाळेला. मुख्याध्यापकांसकट."

ती इतकी हसली की मलाही हसू फुटलं, आणि बाबांना काही न कळताच तेही हसले. हसून दम लागल्यावर ती म्हणाली, "चूक माझीच गं. आयुष्यात पहिल्यांदा घरच्यांसारखं लिहिलं, आणि तू माझ्यासारखं वाचलंस."

तिच्यामागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ते विचारलं होतंस ना," ती म्हणाली.

"हं."

"मी सही केली. युरोपाच्या यानासाठी."

"कधी?"

"तुझा निरोप आला त्याच दिवशी. येण्याच्या दोन तास आधी."

म्हणजे मी विचारलं तेव्हाच ते घडून गेलेलं होतं. अकराच शब्द होते माझ्या प्रश्नात, आणि ते सगळे उशिराचे. मी नऊ दिवस ज्याची वाट पाहिली ते पुढे नव्हतंच, मागे होतं.

"मग पोच का नाही दिलीस?"

"दिली असती तर मला मानावं लागलं असतं की तू विचारलंयस. नाही दिली, तर वाटत होतं, अजून विचारलं नाहीये तिने. अजून थोडा वेळ आहे."

"आई म्हणते पोच म्हणजे हो नव्हे. पोच म्हणजे ऐकलं."

"माहीत आहे गं. म्हणून तर."

मी बोटं मोजली. बांधायला चार वर्षं, हे तिने मागेच सांगितलं होतं. जायला सहा. तिथे फिरायला दोन.

"एक तप," मी म्हणाले.

"एक फेरी."

"तेव्हा मी सत्तावीस वर्षांची असेन."

"माझ्याएवढी. आत्ताच्या माझ्याएवढी," ती म्हणाली. "मी मध्ये मध्ये येईन. असं नाही की..."

"पाहुणीसारखी."

"शेपटे."

"काय?"

"मी सांगितलंय तुला. पोच दे."

दोनशे दहा जणांसमोर जे तोंड चाललं ते आता चालेना. बाबा ते एकच भिंग कधीपासून पुसत होते, माझ्याकडे न बघता. मला ओरडून सांगायचं होतं की रद्द कर, खोड ती सही, त्या समुद्रात असेल कोण, काही नसेल, नुसता अंधार आणि पाणी, आणि इथे तुझा पलंग आहे, त्यावर मी अजून कपडेसुद्धा ठेवत नाही. पण तो पाचवा चंद्रही आठवला, नसलेला. दोन वर्षं तो तिने माझ्याकडून काढून घेतला नव्हता.

"पोच," मी म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत होती, आणि ते मला आत्ताच कळलं, घडलं तेव्हाच.

मी फोन ठेवला. बाबांनी शिंपीकाकांच्या चौकटीत भिंग बसवलं आणि म्हणाले, "वाचा, खालून दुसरी ओळ." काकांनी बरोबर वाचली. मग बाबा त्या ओळीकडे बघत मला म्हणाले, "आईला तूच सांग. मला जमायचं नाही."

आई सहाला घरी येते. सहापर्यंत हे आत ठेवणं मला शक्य नव्हतं. मी पाणीखात्याचा नंबर फिरवला. रांगेत तीन माणसं माझ्या पुढे होती, तेवढा वेळ फोनमध्ये पेटीवरचं गाणं वाजलं, मग आईचा आवाज.

"नमस्कार. आपली तक्रार सांगा."

"माझी ताई," मी म्हणाले, "बारा वर्षं येणार नाही."

ध्वनिमुद्रण चालूच असणार. मग कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज आला, सावकाश, एकेक अक्षर शोधून टंकल्यासारखा, आणि माझी आई रोज शंभर तक्रारी टंकते.

"आपली तक्रार नोंदवली आहे," आई म्हणाली. "नंबर लिहून घ्यावा."

मी बाबांच्या खिशातलं पेन काढलं आणि तळहातावर लिहिला. सात आकडे.

"ही आपल्या तक्रारीची पोच," आई म्हणाली, आणि तरीही तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.